दिवा विझवायचा की दोष शोधायचा?

गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला तर तो घालवायचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. पहिला मार्ग दोन मिनिटांचा. काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि दिव्यावर चिकटवायचा. थोडे पुढारलेले लोक मीटर उघडून दिवाच काढून टाकतात, म्हणजे गाडी विकताना गिऱ्हाइकाने विचारायलाच नको! दुसरा मार्ग जरा लांबचा आहे. दिवा का लागला ते शोधायचं, आणि कारण सापडलं की तेवढंच दुरुस्त करायचं.

मित्रांनो, दुसरा मार्ग बरोबर हे सांगायला कुणी लेख लिहायची गरज नाही. ते सगळ्यांनाच पटतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दोष शोधणं हे एक स्वतंत्र काम आहे, त्याला वेळ लागतो आणि अक्कल लागते, हेच आपण मान्य करत नाही. आपण ते कॉलेजात शिकवत नाही आणि गॅरेजमध्ये त्याचे पैसे देत नाही. म्हणून मग टेप लागते. टेप नाही लागली तर चांगले पार्ट बदलले जातात. दोन्हींचा शेवट एकच, दोष जिथल्या तिथे राहतो.

आधी हा दिवा नेमकं काय म्हणतो ते बघू. एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि टायर रस्त्यावरून नुसता घसरायला लागतो. घसरणाऱ्या टायरची पकड कमी होते हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. चाक फिरत असताना साधारण २० टक्क्यांच्या आसपास घसरलं तर पकड सगळ्यात जास्त मिळते. एबीएस चाकाला त्या टप्प्यात धरून ठेवायचा प्रयत्न करतं. त्यासाठी ते त्या चाकाचा ब्रेक सेकंदाला अनेक वेळा सोडतं आणि धरतं. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळेच. जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत पहिल्यांदा आली. आपल्याकडे कित्येक वर्षं ती महागड्या मॉडेलची चैन होती. नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ती सक्तीची झाली २०१८-१९ मध्ये. म्हणजे आता हा दिवा फक्त साहेबांच्या गाडीत राहिलेला नाही, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या अर्ध्या बाइक्सवरही आहे.

चावी फिरवली की हा दिवा लागतो. मोटारीत काही सेकंदांत विझतो, बऱ्याच बाइक्समध्ये गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. ही यंत्रणेची रोजची हजेरी. हजेरी देऊन तो विझला तर सगळं ठीक. विझलाच नाही, किंवा चालता चालता पुन्हा लागला, तर यंत्रणेने स्वतःला बाजूला काढून घेतलं आहे असं समजायचं. ब्रेक मात्र लागतात, कारण एबीएसचे व्हॉल्व्ह विजेशिवाय ज्या स्थितीत असतात त्या स्थितीत ऑइलची वाट मोकळीच असते. डिझाइन करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेलं आहे. पण पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर प्रकरण वेगळं. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशा वेळी बाजूला घ्यायची आणि ऑइल बघायचं. कमी असेल तर ‘टॉप-अप’ करून विषय संपवायचा नाही. ऑइल गळतंय की ब्रेक पॅड झिजल्यामुळे पातळी खाली गेली आहे, ते बघायचं. उडून जायला ते काही पेट्रोल नव्हे!

आता खरी गंमत. दिवा लागला की गॅरेजवाला स्कॅनर जोडतो. स्कॅनरवर कोड येतो. उदाहरणार्थ ‘सी ००३५’, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. हे वाचून बहुतेकांची समजूत होते की सेन्सर गेला. कोडमध्ये ‘सेन्सर’ हा शब्द आहे ना! पण कोडचा अर्थ तो नाही. ईसीयू बिचारं एका बंद डब्यात बसलेलं असतं. त्याला चाक दिसत नाही, वायर दिसत नाही, बेअरिंग दिसत नाही. त्याला फक्त पल्स मोजता येतात. चाकासोबत एक दातेरी रिंग फिरते, किंवा नव्या गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असलेली चुंबकीय रिंग असते. तिच्यासमोर सेन्सर. समजा एका फेरीला ४८ पल्स मिळतात आणि टायरचा परीघ १.८ मीटर आहे. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे चाकाच्या साडेपाच फेऱ्या आणि साधारण २६७ पल्स. बाकीच्या तीन चाकांकडून २६७ येतात आणि चौथ्याकडून शून्य, तर ईसीयू म्हणतं, ‘या कोपऱ्यात काहीतरी बिनसलंय, मी काम करणार नाही.’ बस्स, एवढाच त्या कोडचा अर्थ. गुन्हा कुठल्या गल्लीत झाला ते कळलं. गुन्हेगार कोण ते अजून शोधायचं आहे.

त्या गल्लीत राहणारे तरी कितीजण! सेन्सर आहेच. त्याची वायर आहे, जी प्रत्येक वळणावर स्टिअरिंगबरोबर आणि प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनबरोबर वाकते, आणि कधीतरी वरचं प्लास्टिक शाबूत ठेवून आतल्या आत तुटते. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवट गंज चढलेला असतो. ड्राइव्ह शाफ्टवरची दातेरी रिंग गंजून फुगते किंवा तडकते. ती तडकली की कधी दिवा लागतच नाही, पण सिग्नलला हळू थांबताना कोरड्या रस्त्यावरही पेडल उगाच थरथरतं. सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. बेअरिंगला प्ले येतो आणि सेन्सर व रिंगमधलं अंतर कमीजास्त होतं. ते अंतर मिलिमीटरच्या आसपासचं असतं, त्यामुळे थोड्या फरकानेही सिग्नल बिघडतो. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर बसवला तर ते चाक कायम वेगळ्या वेगाने फिरतं आणि ईसीयूला संशय येतो. फ्यूज उडतो, अर्थची वायर सैल होते, बॅटरी म्हातारी होऊन व्होल्टेज पडतं. या सगळ्यांसाठी डॅशबोर्डवर दिवा एकच!

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांच्या गाडीचं प्रकरण जवळून बघायला मिळालं. मामा लांज्याला असतात आणि कामानिमित्त दर आठवड्याला आंबा घाटातून कोल्हापूरला येतात. पावसात तो घाट कसा असतो ते तिकडच्या पोरांना सांगायला नको. धुकं, ओला रस्ता, आणि वळणावर अचानक समोर येणारा ट्रक. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करत होतं म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये ते बदलून घेतलं. आवाज गेला. पण घरी पोचायच्या आत एबीएसचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पुढच्या डाव्या चाकाचा कोड आला, सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. गल्लीच्या कोपऱ्यावर पुन्हा लागला. मग म्हणे हा सेन्सर लोकल निघाला, कंपनीचा मागवू. कंपनीचा आला. दिवा पुन्हा हजर. मग निकाल मिळाला की ईसीयू गेलं, आणि त्याचा आकडा असा होता की मामांनी हात जोडले. शेवटी टेप! तीन-चार महिने मामा त्या टेपवर आंबा घाट चढत-उतरत होते. ‘ब्रेक लागतायत ना, झालं तर मग,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा ते कोल्हापुरात आलेले असताना आम्ही उद्यमनगरातल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. साठीचे मेस्त्री, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. पहिला प्रश्न विचारला, ‘दिवा लागायच्या आदी गाडीला कुनी हात लावल्ता का?’

मामांनी बेअरिंगचं सांगितलं. मेस्त्री नुसतं ‘हं’ म्हणाले. एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी क्रमाने लिहितो, कारण माझ्या मते पुस्तकातल्या आकृतीइतकीच ही क्रमवारी महत्त्वाची आहे. आधी स्कॅनर जोडून कोडऐवजी चारही चाकांचा चालू वेग पडद्यावर लावला आणि गाडी गल्लीत हळू फिरवली. तीन चाकं १२ दाखवत होती, डावं पुढचं शून्य. म्हणजे अधूनमधून जाणारा सिग्नल नाही, सिग्नल अजिबातच नाही. मग गाडी जॅकवर घेऊन सेन्सरचा कनेक्टर सोडवला आणि ईसीयूकडून सप्लाय येतोय का ते मोजलं. येत होता. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आणि वायर हलवत पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. म्हणजे वायर सुटली. नंतर डाव्या आणि उजव्या सेन्सरची अदलाबदल केली, कारण त्या गाडीत दोन्ही एकच पार्ट आहेत. दोष सेन्सरबरोबर उजवीकडे गेला नाही, डावीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर निर्दोष, आणि वायरवरचा उरलासुरला संशयही बघण्यासारखा. शेवटी मीटर सिरीजमध्ये जोडून मला चाक हाताने सावकाश फिरवायला सांगितलं. या प्रकारचे सेन्सर रिंगवरचा ध्रुव बदलला की करंट साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर असा बदलतात. उजव्या चाकाला आकडा ७-१४-७-१४ असा नाचत होता. डाव्या चाकाला एकाच आकड्यावर ठप्प. वायर ठीक, सेन्सर जिवंत, पण सेन्सरला समोर काही दिसतच नव्हतं!

मेस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, ‘बेअरिंग उलटं बसीवलंय.’

चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या. उलटं बसवलं तरी बेअरिंग फिरतं, आवाज जातो, गाडी पळते. फक्त सेन्सर आंधळा होतो. प्रेसवर बेअरिंग काढलं, आणि खरोखरच रिंग बाहेरच्या बाजूला निघाली. काढताना बेअरिंग खराब होतं म्हणून नवीन आणलं. ते बसवण्याआधी मेस्त्रींनी थोडासा लोखंडाचा कीस दोन्ही बाजूंना लावून बघितला. एका बाजूला तो चिकटून बारीक रेघा उमटल्या, दुसऱ्या बाजूने खाली सांडला. ‘ही बाजू आत,’ म्हणाले. दिवा विझला तो आजतागायत.

आता या गोष्टीतला खरा मुद्दा. बिल करताना मेस्त्रींनी बेअरिंगचे आणि प्रेसचे पैसे लावले, आणि तपासणीचे वेगळे आठशे रुपये सांगितले. मामा एकदम म्हणाले, ‘नुसतं बघायचे आठशे?’ याच मामांनी आधी दोन सेन्सरचे मिळून त्याच्या कितीतरी पट पैसे कुरकुर न करता दिले होते. ते दोन्ही सेन्सर नको होते. तपासणी मात्र हवी होती. पण सेन्सर डब्यात येतो, त्यावर छापील किंमत असते, तो हातात घेता येतो. तपासणी हातात घेता येत नाही.

यात मामांचा एकट्याचा दोष नाही, आपल्या सगळ्यांचा हाच हिशोब असतो. पार्टच्या किमतीवर आपण गप्प बसतो आणि मजुरीवर घासाघीस करतो. मग गॅरेजवाल्याने तरी काय करावं? दोन तास मीटर घेऊन चाकाखाली बसलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत, पार्ट बदलला तर मार्जिन मिळतं. दिवसाला चार गाड्या बाहेर काढायच्या आहेत, हाताखाली दोन पोरं आहेत, भाडं आहे. अंदाजाने पार्ट बदलून बघणं हा त्याच्यासाठी शहाणपणाचा व्यवहार ठरतो. अंदाज बरोबर आला तर वाहवा, चुकला तर खर्च गिऱ्हाइकाचा. मामांचा पहिला गॅरेजवाला लबाड होता असं मला वाटत नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम तो करत होता.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला मामांचाच, ‘एबीएस नव्हतं तेव्हा काय लोक गाड्या चालवत नव्हते?’ चालवत होते. आणि एबीएस म्हणजे काही जादूची कांडी नाही. सुट्या खडीवर तर त्याने गाडी थांबायचं अंतर वाढूही शकतं, कारण लॉक झालेलं चाक समोर खडीचा ढीग साठवतं आणि त्याला अडतं. पण ज्याच्याकडे एबीएस नव्हतं त्याला ते ठाऊक होतं. ओल्या रस्त्यावर तो ब्रेक सोडून-धरून मारायचा. ज्याला पाच वर्षं पेडल पूर्ण दाबून स्टिअरिंग फिरवायची सवय झाली आहे, तो दिव्यावर टेप लावल्यानंतरही घाटात समोर ट्रक आला की तेच करणार. पाय सवयीने दाबला जाणार, चाकं लॉक होणार आणि गाडी वळणारच नाही. त्याच्या शेजारी बसलेल्याला तर टेपखाली काय आहे हेही माहीत नसतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही नसतं. (जाता जाता: सेकंडहँड गाडी किंवा बाइक घेताना चावी फिरवून हा दिवा आधी *लागतो* का ते बघा. तो लागलाच नाही तर ती आनंदाची गोष्ट नाही!)

दुसरा आक्षेप आपल्या वर्गातला, ‘आपण काय मेकॅनिक होणार आहोत का? आपण इंजिनिअर.’ हा आक्षेप मला जास्त धोकादायक वाटतो. मेस्त्रींनी त्या दिवशी जे केलं त्याला मेकॅनिकी म्हणायचं की इंजिनिअरिंग? एक तर्क धरायचा, तो खोटा ठरू शकेल असं एकच मोजमाप निवडायचं, मोजायचं, एक शक्यता कमी करायची, आणि पुढे जायचं. चार मोजमापांत त्यांनी सगळी गल्ली रिकामी केली. उद्या आपण प्लँटमध्ये जाऊ, सॉफ्टवेअरमध्ये जाऊ, पॉवर स्टेशनला जाऊ. तिथेही कुठेतरी पिवळा दिवा लागणार आहे आणि पडद्यावर एक कोड येणार आहे. त्या कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आहे तो पार्ट बदलायला इंजिनिअर लागत नाही.

हॉस्टेलचंच उदाहरण घ्या. आपल्या मजल्यावरचा एमसीबी ट्रिप झाला की आपण काय करतो? वर करतो. पुन्हा पडला, पुन्हा वर करतो. तिसऱ्यांदा पडला की ‘हा एमसीबीच खराब आहे, मोठा बसवा’ असा अर्ज रेक्टर सरांकडे जातो. कुठल्या खोलीत कॉइल लावून मॅगी शिजतेय, कुठल्या बोर्डात वायर गरम होतेय, हे कुणी बघत नाही. त्यात इलेक्ट्रिकलची पोरंही आली! मोठा एमसीबी बसवणं म्हणजे डॅशबोर्डवरची टेपच. फरक एवढाच की इथे जळणार ती भिंतीतली वायर.

आता आपल्या शिक्षणाकडे येतो. सर लोकही हा अंक वाचतात म्हणून जरा जपून, पण स्पष्ट लिहितो. ऑटोमोबाइलच्या पेपरात एबीएसवर प्रश्न येतो तो ठरलेला: सुबक आकृतीसह कार्य स्पष्ट करा. आपण आकृती काढतो. चार चाकं, चार सेन्सर, मध्ये ईसीयू, बाजूला मॉड्युलेटर. सगळं नीट चालू असलेली यंत्रणा. लॅबमध्ये कट-सेक्शन मॉडेल आहे, त्याला लाल-निळा रंग दिलेला आहे आणि तेही सदैव ठणठणीत. बिघडलेली यंत्रणा चार वर्षांत एकदाही आपल्यासमोर अभ्यास म्हणून येत नाही. लॅबमधलं एखादं उपकरण बंद असेल तर सर म्हणतात, ‘ते बंद आहे, पुढच्या टेबलावर जा.’ खरं म्हणजे त्या दिवसाचं प्रॅक्टिकल तेच असायला पाहिजे!

नुसती टीका करून थांबणं बरं नाही, म्हणून एक सूचना. वर्कशॉपच्या मागे भंगारात पडलेल्या गाडीचा एक हब, एक बेअरिंग, एक दातेरी रिंग आणि दोन सेन्सर काढून एका टेबलावर बसवावेत. एक सेन्सर जुन्या पद्धतीचा, कॉइल आणि चुंबकाचा. तो चाक फिरवलं की स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो आणि त्याचा रोध मीटरवर मोजता येतो. दुसरा नव्या पद्धतीचा. त्याला सप्लाय द्यावा लागतो आणि त्याचा रोध मोजत बसण्यात अर्थ नसतो. दोघांतला हा फरक हाताने कळला की आयुष्यभर विसरत नाही. खाली एक बंद डबा आणि त्यात सात-आठ बटणं. एक दाबलं की वायर तुटलेली, दुसरं दाबलं की ती अर्थला टेकलेली, तिसरं दाबलं की कनेक्टर गंजल्यासारखा रोध मध्ये येणार. सेन्सरचं अंतर वाढवायला एक वॉशर पुरतो. सरांनी प्रत्येक बॅचला वेगळा दोष लावून द्यावा आणि हातात फक्त मल्टिमीटर व वायरिंगची आकृती द्यावी. ऑसिलोस्कोप इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे आहेच, मागितला तर मिळेल.

आणि गुण कशाला द्यायचे? दोष सापडण्याला थोडे, शोधण्याच्या क्रमाला जास्त. कागदावर तीन रकाने असावेत: काय संशय आला, काय मोजलं, त्यावरून काय कमी झालं. दोष नाही सापडला तरी ज्याने पाच शक्यता शिस्तीत कमी केल्या त्याला चांगले गुण मिळावेत. ज्याला अंदाजाने पहिल्याच झटक्यात सापडला, त्याला तोंडी परीक्षेत विचारावं, ‘का?’ यात अजून एक फायदा आहे. दरवर्षी दोष बदलणार, त्यामुळे सीनिअरचं जर्नल समोर ठेवून रात्री दोन वाजता ‘छापाई’ करता येणार नाही. याबद्दल हॉस्टेल मला माफ करणार नाही, पण असो.

खर्च म्हणाल तर गॅदरिंगच्या डीजेपेक्षा कमी. अभ्यासक्रमात नाही म्हणाल तर त्याचं उत्तर सोपं आहे. ‘ब्रेक यंत्रणेचा अभ्यास’ असं एक प्रॅक्टिकल अभ्यासक्रमात आहेच, आणि तो अभ्यास ब्रेक चालू असतानाच करावा असं कुठे लिहिलेलं नाही.

हे टेबल होईपर्यंत आपल्याला स्वतःला करता येण्यासारख्या गोष्टीही आहेत. ज्यांच्या बाइकवर एबीएस आहे त्यांनी रोज निघताना दिव्याची हजेरी घ्यावी. दिवा राहिला तर पंक्चरच्या दुकानात चाक काढून बसवल्यानंतर राहिला का, गाडी धुतल्यानंतर राहिला का, बॅटरी उतरल्यानंतर राहिला का, ते आठवून कागदावर लिहावं आणि तो कागद मेस्त्रीच्या हातात द्यावा. निम्मी तपासणी तिथेच होते. सेन्सरला चिखल लागला असेल तर पुसून बघावा, वायर कुठे घासतेय का ते बघावं. मीटर हातात न घेताच कुणी ‘सेन्सर बदला’ म्हणालं तर नम्रपणे विचारावं, ‘सेन्सरच गेलाय हे कशावरून?’ आणि त्या प्रश्नाचं नीट उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याने तपासणीचे पैसे मागितल्यावर घासाघीस करू नये. आपण उद्या जे काम करून पगार घेणार आहोत, तेच काम तो करतोय.

परवा मेस्त्रींना फोन केला होता. कॉलेजात असं टेबल झालं तर एक दिवस येऊन दोष लावून द्याल का, विचारलं. म्हणाले, ‘येतो की. पन पोरास्नी सांगू नगा आदी काय लावलंय ते.’ तेव्हा सर, पाहुणे तयार आहेत. टेबल तेवढं बाकी आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी